बाप्तिस्मा क्लासचा रिव्ह्यू: आठ रविवार केले, पाण्यात उतरलेच नाही, तरी चार स्टार

सलाम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. एका मैत्रिणीने विचारलं, कसा आहे गं तो क्लास, नाव घालू का, तर तिला व्हॉइस नोट पाठवायला बसले आणि ती अकरा मिनिटांची झाली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथे मला पुन्हा तोंड दाखवायचंय. पिंपरी-चिंचवड साइडला आहे एवढं पुरे.

आधी माझी बाजू सांगते, नाहीतर रिव्ह्यूचा अर्थ लागणार नाही. मी मूळची नगरची, म्हणजे आता अहिल्यानगर. चार महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा झालाय, डोक्यावर पाणी शिंपडून, जसा आमच्याकडे सगळ्यांचा होतो. सर्टिफिकेट आईच्या ट्रंकेत. शाळेच्या दाखल्यावर ख्रिश्चन, नाताळला घरी केक आणि त्याच्या दुप्पट करंज्या-चकल्या, सगळं रीतसर. मग ऑफिसात एकदा डबा खाताना शेजारच्या मुलीने अगदी सहज विचारलं, तू ख्रिश्चन कधी झालीस? म्हटलं अगं झाले काय, जन्मापासून आहे. तर ती म्हणे हो पण मग तू ठरवलंस कधी? तिला काही खोचक बोलायचं नव्हतं, पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. वय वर्षं छत्तीस आणि मला त्याचं उत्तर येईना.

तर हा क्लास त्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर साडेबारा ते दोन असतो, आठ रविवार. फी नाही, वर्कबुकचे ८० रुपये. ही मंडळी मोठ्यांनाच बाप्तिस्मा देते, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. लहान बाळांचं फक्त समर्पण करतात, आशीर्वाद देतात आणि घरी पाठवतात. आम्ही बॅचला अकरा जण. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि साडेबाराला पोटात कावळे. वेळ बदला हो प्लीज, ही पहिली तक्रार.

शिकवायला एक रिटायर्ड शिक्षिका, सगळे त्यांना मावशीच म्हणतात, आणि दोन रविवार स्वतः पास्टर. पहिल्या दिवशी मावशींनी प्रत्येकाला कागदाचा एक कपटा दिला, नाव लिहायचं नाही, फक्त इथे का आलात ते लिहा. मग मोठ्याने वाचून दाखवलं. "लग्नासाठी." "आईची इच्छा आहे." "दुखण्यातून उठलो, तेव्हा बोललो होतो." एकाने नुसतं "येशू" लिहिलेलं. एकाने "भीती वाटते." माझं होतं "माहीत नाही." मला वाटलं आता बाईंचं लेक्चर सुरू होणार, पण त्यांनी कुणालाच चूक म्हटलं नाही, सगळे कपटे बिस्किटाच्या एका डब्यात घातले आणि म्हणाल्या शेवटच्या रविवारी काढू. (शेवटच्या रविवारी डबा उघडला तर आत शंकरपाळे. कुणीतरी साफसफाईत रिकामा करून पुन्हा भरून ठेवलेला. मावशींचा चेहरा बघण्यासारखा झालेला. शंकरपाळे मात्र चांगले होते.)

आता मुख्य गोष्ट, शिकवणं. इथे मी पूर्ण मार्क देते. मला वाटलेलं आठ रविवार बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय घोकवतील, ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, त्याच्याबरोबर उठलो वगैरे. ते झालंच. पण दोन अख्खे रविवार गेले बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये ८ या एकाच अध्यायावर, आणि मी हा अध्याय लहानपणापासून संडे स्कूलला ऐकत आलेय तरी असा कधी वाचला नव्हता. त्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांत दोन माणसं खास आहेत. एक शोमरोनातला शिमोन जादूगार. तो विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो, सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाच्या मागे मागे फिरतो, सगळं व्यवस्थित, आणि मग येशूचे शिष्य पेत्र-योहान हात ठेवतात आणि लोकांना पवित्र आत्मा मिळतो हे बघितल्यावर चक्क पैसे काढतो, मलाही हा अधिकार द्या म्हणून. पेत्र त्याला तोंडावर सांगतो तुझं अंतःकरण देवासमोर सरळ नाही. म्हणजे पाण्यात जाऊन आलेला माणूस, आणि तरी! आणि त्याच अध्यायात पुढे तो कूशी (इथिओपिया) देशाचा षंढ, राणीचा खजिनदार, रथात यशया वाचत चाललेला. त्याचा ना क्लास, ना वर्कबुक, रस्त्यात पाणी दिसलं आणि म्हणाला हे बघा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे. झाला पण लगेच.

मावशी म्हणाल्या, आता सांगा, कुणाला थांबवायला हवं होतं? त्यावर जो कल्ला झाला तो पावणेतीनपर्यंत. बॅचमधला आयटीतला एक मुलगा म्हणाला मग आपल्याला आठ रविवार कशाला, आत्ता घ्या. आणि गंमत म्हणजे त्या षंढाने दिलेली जी कबुली आहे, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे, ते ३७ वं वचन सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये नाहीच. म्हणजे पुढे कधीतरी कुणाला तरी वाटलं असणार की असं कसं, माणसाने काहीतरी बोलायला तर पाहिजे ना पाण्यात जायच्या आधी! मला ते फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे सुद्धा कुणी न बोलता काही केलं की लोकांना चैन पडत नाही.

आठ रविवार जास्त वाटत असतील तर हे ऐका, सुरुवातीच्या शतकांत काही ठिकाणी तयारीलाच तीन वर्षं लागायची. आणि 'डिडाखे' म्हणून एक अगदी जुनी मार्गदर्शिका आहे, त्यात लिहिलंय वाहतं पाणी असेल तर वाहतं घ्या, नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट चालेल, आणि तेवढंही पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. मी हे पास्टरना टाकीच्या संदर्भात ऐकवलं, ते पुढे येईलच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पंडिता रमाबाईंचं. आपल्याला रमाबाई म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन, बालविधवा, दुष्काळातल्या मुली, एवढं पाठ असतं. पुणे-दौंड लोकलने जाताना स्टेशन लागतं, आणि बोट दाखवून आपण म्हणतो ते बघ. पण त्यांचा बाप्तिस्मा झाला इंग्लंडात वाँटेजला, २९ सप्टेंबर १८८३, लेक मनोरमाचाही सोबतच. आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि ही बाई काही आंधळेपणाने पाण्यात गेलेली नाही, वाँटेजच्या सिस्टर लोकांशी त्यांनी पत्रांतून त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), आज्ञाधारकपणावरून जे वाद घातलेत ते वाचले की आपली मान आपोआप ताठ होते. एवढी विद्वान, एवढी प्रामाणिक, तिला आठ वर्षं लागली आणि तिने ते लपवलं नाही. पुढे केडगावला १९०५ मध्ये जे संजीवन, म्हणजे जागृतीची लाट, झालं त्याच्या गोष्टी सगळे सांगतात, ही मधली आठ वर्षं कुणी सांगत नाही. मी मावशींना म्हटलं पण, हे आम्हाला संडे स्कूलला का नाही शिकवलं. म्हणाल्या, बाळा, तेव्हा आम्हालाच कुणी शिकवलं नव्हतं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही आलं, आगगाडीतल्या सहप्रवाशाने दिलेला तो नवा करार, फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, ते सगळ्यांना माहीत असतं. माझ्या डोक्यात राहिलं ते शेवटचं, की याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य चालतील म्हटलं. ज्या माणसाने बाप्तिस्म्यापायी घरदार, जात सोडली, बायको काही वर्षं दुरावली, तो माणूस म्हणतो पाण्याची अट नको. हे पास्टरना पटत नाही, त्यांनी तसं सांगितलंही, पण विषय टाळला नाही. मला असा मास्तर आवडतो.

आता ज्याला मी "छुपा खर्च" म्हणते तो. बॅचमध्ये एक रिक्षावाले काका होते, पन्नाशीचे, दोन वर्षं उपासनेला न चुकता येणारे, घरची मंडळी मागासवर्गीय, मुलगा बारावीला. बऱ्याच ठिकाणी अशा माणसाला हाल्लेलूया म्हणत सरळ टाकीत उतरवतात आणि कागदपत्रांचं नंतर बघू म्हणतात. इथे तिसऱ्याच रविवारी पास्टरनी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्याप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, मग १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना, ख्रिश्चनांना आजही नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात पुदुच्चेरीच्या एका बाईंची केस झाली, बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितलेला, कोर्टाने नाही म्हटलं. कायदा बरोबर की चूक यावर माझं मत आहे आणि ते गोड नाहीये, पाण्याने जात धुऊन निघते असं वाटणाऱ्यांनी आमच्या गावाकडच्या विहिरी बघून याव्यात. पण रिव्ह्यू क्लासचा आहे, आणि क्लासने त्या माणसाला आधी सांगितलं, नंतर नाही. काका चौथ्या रविवारी आले नाहीत. पाचव्याला आले. काय ठरवलं, घरी काय बोलणं झालं, कुणी विचारलं नाही.

तशीच ती "लग्नासाठी" वाली मुलगी. होणारा नवरा ख्रिश्चन, त्याच्या घरचे म्हणतात आधी बाप्तिस्मा मग चर्चमध्ये लग्न. पास्टरनी तिला काय सांगावं? की १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिश्चन असला तरी पुरतं, तेव्हा निदान कायद्याच्या भीतीने पाण्यात उतरू नकोस, प्रत्येक मंडळीचे आपापले नियम असतात ते मी त्यांच्या पाळकांशी बोलतो, पण माझ्याकडून सर्टिफिकेट पाहिजे म्हणून बाप्तिस्मा मिळणार नाही. ती रडली. सासरच्यांचा फोन पण आला म्हणे. पण पुढचे पाचही रविवार ती आली, आणि प्रश्न सगळ्यात जास्त तिचेच असायचे.

तक्रारी आता. वर्कबुक भयंकर आहे. कुठल्यातरी परदेशी पुस्तकाचं कुणीतरी घाईत केलेलं भाषांतर, "तुमच्या विश्वासाच्या प्रवासाचा आलेख काढा" असले प्रश्न, आणि खाली पाच ठिपक्यांची ओळ. काकांनी मला विचारलं ताई आलेख म्हणजे काय काढू, मी म्हटलं काका रिक्षाचा मीटर काढा. ८० रुपये वाया. मावशी स्वतः ते पुस्तक उघडत नाहीत यावरून समजा.

दुसरं, साक्ष. बाप्तिस्म्याआधी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून तीन मिनिटं साक्ष द्यायची आणि त्याचा एक साचा ठरलेला आहे, आधी मी असा असा वाईट होतो, मग अमुक दिवशी प्रभू भेटला, आता शांती आहे. जो खरंच दारूतून सुटलाय त्याला हा साचा बरोबर बसतो. पण बॅचमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी होती, पास्टरच्याच नात्यातली, तिच्याकडे "आधी" नावाचं काहीच नव्हतं. तिने सरावाच्या दिवशी आईशी भांडण, मोबाइल, अभ्यासात चित्त नाही असं काहीतरी फुगवून पाप म्हणून आणलं, आम्हाला ऐकून कसंतरी झालं. मावशींनी थांबवलं तिला. म्हणाल्या तू दारू प्यायली नाहीस यात लाज वाटण्यासारखं काय आहे, जे आहे तेवढं सांग, दोन वाक्यं असली तर दोन. मावशी होत्या म्हणून. पण साचा ज्यांनी बनवलाय त्यांनी याचा विचार करावा, कारण असंच पोरं देवाच्या नावाने थोडं थोडं खोटं बोलायला शिकतात.

तिसरं, व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी पाच वाजता गुलाबाच्या फुलावर वचन. म्यूट करा, पुढे चला.

आता माझी मुलाखत. सहाव्या रविवारनंतर पास्टर प्रत्येकाला एकेकट्याने अर्धा तास भेटतात. मला वाटलं मला पटवतील, लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, आता खरा घे, कारण अशा मंडळ्यांत सर्रास तसंच म्हणतात. त्यांनी उलट विचारलं, ताई, तुमचा जो झालाय तो खोटा होता असं तुम्हाला वाटतं का? आणि मग त्यांनी दोन्ही बाजू ठेवल्या समोर, मला खरंच नवल वाटलं. झुरिकमध्ये जानेवारी १५२५ ला काही लोकांनी लहानपणीचा बाप्तिस्मा नाकारून पुन्हा मोठेपणी घेतला, आणि दोनच वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्याच सरकारने लिमाट नदीत बुडवून मारलं. या माणसांच्या मागे मी उभा आहे, पास्टर म्हणाले. पण १९८२ च्या लिमा इथल्या दस्तऐवजात जगभरच्या मंडळ्यांनी मिळून म्हटलंय की बाप्तिस्मा एकदाच, पुन्हा नाही, तेही वाचून या. आणि तुम्ही ज्या सीएनआयमधून, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियातून, आलात, ती १९७० ला नागपूरला एक झाली तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठ्यांनाच देणारे दोघंही त्यात आले आणि दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. छत्तीस वर्षं त्या मंडळीत काढली आणि मला हे दुसऱ्या मंडळीच्या पाळकाने सांगावं!

मग मी शनिवारी एसटीने नगरला गेले. आमच्या चर्चच्या ऑफिसात जुनं रजिस्टर काढायला लावलं. धूळ, वाळवीचा वास, क्लार्ककाका कुरकुर करत होते. ओळ सापडली. माझं नाव, आई-वडिलांचं नाव, आणि साक्षीदाराच्या रकान्यात माझ्या आजीची सही. आजी प्रौढपणी अक्षरं शिकलेली, तिच्या सहीतलं शेवटचं अक्षर नेहमी रेषेच्या खाली घसरायचं, इथेही घसरलंय, आणि शाई एका ठिकाणी फुटलीये, म्हणजे बाई तिथे पेन टेकवून बराच वेळ थांबली असणार. तिने त्या दिवशी माझ्या वतीने काय काय कबूल केलं ते उपासनेच्या पुस्तकात छापलेलं आहे, मी तिथेच उभ्याने वाचलं. आजी गेली मी नववीत असताना. दहावीच्या क्लासेसपायी माझं दृढीकरण, म्हणजे बाळपणी आपल्या वतीने दिलेली कबुली मोठेपणी स्वतः द्यायचा विधी, राहिलं ते राहिलंच, आणि खरं सांगायचं तर तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटलेलं.

परत येऊन पास्टरना सांगितलं की ती ओळ खोटी होती असं काही माझ्या तोंडून निघणार नाही, तेव्हा मी पाण्यात उतरत नाही, नगरला जाऊन दृढीकरण घेते, तिथे ते सगळे प्रश्न मलाच विचारतील आणि मीच उत्तरं देईन. मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, आठ रविवार फुकट शिकवलं. म्हणाले, बरं. मग रविवारी टॉवेल धरायला या, बायकांच्या बाजूला माणूस कमी आहे.

तर मी टॉवेल धरले. टाकी स्टेजच्या खाली आहे, फळ्या उचलल्या की निघते, आत निळ्या फरशा, छातीइतकं पाणी, आणि जानेवारीत ते पाणी म्हणजे बर्फ. मी डिडाखेचं कोमट चालेल ऐकवलं तर पास्टर म्हणाले त्यात गिझरच्या बिलाचं काही लिहिलंय का बघा. कपडे बदलायला एकच खोली, पडदा अर्धा, कडी नाही, यासाठी अर्धा स्टार मी कापतेच, बायकांसाठी हे चालवून घेणार नाही.

अकरापैकी सात जण उतरले. लग्नवाली नाही उतरली, अजून वेळ पाहिजे म्हणाली, आणि ते ती हसून म्हणाली. काका उतरले. उतरायच्या आधी चष्मा माझ्या हातात दिला, काड्या सेलोटेपने जोडलेल्या. पास्टरनी विचारलं, येशू ख्रिस्त तुमचा प्रभू आणि तारणारा आहे असा तुमचा विश्वास आहे का, तर काकांच्या तोंडून आवाजच फुटेना, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं, मग नुसती मान हलवली, मोठ्ठी. पास्टर थांबून राहिले. शेवटी काका म्हणाले, "हाय." बास, एवढंच. वर आले तेव्हा नाकातोंडातून पाणी, काही दिसत नाही, हात पुढे करून चाचपडतायत, आणि पहिलं काय म्हणाले असतील तर "ताई, चष्मा." त्यांचा मुलगा शेवटच्या रांगेत उभा राहून मोबाइलवर शूट करत होता, त्याचा हात हलत होता, ते व्हिडिओ नंतर ग्रुपवर आला तेव्हा कळलं.

एकूण चार स्टार. अर्धा खोलीचा कापला, अर्धा वर्कबुक आणि साच्याचा.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर: नाश्ता करून जा. वर्कबुक घेऊ नका, बायबल आणि साधी वही पुरते. बाप्तिस्म्याच्या दिवशी दोन टॉवेल, एक प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांना, आणि कपडे गडद रंगाचे न्या, जाड कापडाचे, पांढरे अजिबात नको, ओले झाल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. चष्मा कुणाकडे तरी द्या. बायकांच्या बाजूला मी असेन बहुतेक, कडी बसवून घेतेय.